दाराआडचा सल्लागार

तीर्थरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (वाकता येतंय, यावरूनच प्रकृती ओळखावी). तुमची कंबर कशी आहे? दादाच्या घोरण्याची चौकशी करत नाही; ते बरं होणारं दुखणं नव्हे.

तर बातमी अशी की आपल्या घराण्यात पहिला संशोधक निपजला असून तो मी आहे. हसू नका. माझं मोठं आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं आणि जोडीला यकृतही बिघडलेलं, हे तुम्ही जाणताच. गाडी शिकवण्याच्या धंद्यात हे दुखणं फार वाईट. (माझे विद्यार्थी गाडी झकास उभी करतात, पण फक्त स्वच्छतागृहासमोर.) आतडं काढायचं म्हटलं की सर्जन म्हणायचे, आधी यकृताच्या डॉक्टरबाईंना विचारा, बाई म्हणायच्या, ते सर्जनना विचारा. माझा नुसता चेंडू झाला होता. शेवटी कळलं की सर्जनच्या अभ्यासातून यकृत बिघडलेले लोक वगळलेले, आणि बाईंच्या अभ्यासातून आतड्याचं ऑपरेशन झालेले. म्हणजे आमच्यासारख्यांचं ऑपरेशननंतर काय होतं, ते यांच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं!

हे सुधारायला इस्पितळात बैठक ठरली आणि रुग्णांच्या वतीनं सल्लागार म्हणून मला बोलावणं आलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. टेबलाच्या एका टोकाला सर्जन, दुसऱ्या टोकाला बाई, मध्ये मी आणि बिस्किटांची बशी. दोघांनी भिंतीवर आपापली चित्रं दाखवली. एकात आतडं, दुसऱ्यात यकृत, माणूस कुठेच नाही. मी तोंड उघडणार, तोच पोटानं हाक मारली. स्वच्छतागृह खोलीला लागूनच होतं. मी आत गेलो, आणि सल्लागाराशिवाय बैठक चालवायची नाही असा नियम असल्यामुळे ती दोघं पाय मोकळे करायला दाराबाहेर येऊन उभी राहिली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून बोलू लागली. आधी चहा किती पांचट होता यावर, मग माझ्यावर. "यांना खरं तर आपण दोघांनी मिळून बघायला हवं," सर्जन म्हणाले. "मग बघा की, मी कुठे नको म्हणतेय?" बाई म्हणाल्या. वहिनी, माझं काम केव्हाच आटोपलं होतं. पण बाहेर आलो असतो तर मंडळी पुन्हा दोन टोकांना जाऊन बसली असती! पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. मध्येच बाहेर सामसूम झाली तेव्हा मुद्दाम पाणी सोडलं, की अजून वेळ आहे, चालू द्या. अखेर एकच अभ्यास करायचा, आम्हाला वगळायचं नाही, आणि माझं ऑपरेशन दोघांनी एकत्र बसून ठरवायचं, असं पक्कं झालं. आनंदाच्या भरात मी आतूनच टाळ्या वाजवल्या. मग बाईंचा आवाज आला, "अहो, कधीपासून ऐकताय?" मी म्हटलं, "चहापासून." दोघं इतकी हसली की पहारेकरी धावत आला.

नव्या अभ्यासात पहिलं नाव माझं लागलंय. ऑपरेशनची मला तिळमात्र भीती नाही. काळजी नसावी.

तुमचा लाडका (निदान तुम्ही तसं म्हणता),
दीर

ता. क. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. भीती नाही असं लिहिलंय, ते दादाला वाचून दाखवण्यापुरतं. फार भीती वाटते, वहिनी. मला आत नेतील तेव्हा दाराबाहेर तुम्ही उभ्या राहाल का? आणि बोलत राहा, कुणाशीही. दाराबाहेर आपली माणसं बोलत असली की आत बरं वाटतं.

आणखी एक ता. क. दादालाही आणा, पण बसनं या. गाडी त्याला मीच शिकवलीय. गाडीनं निघालात तर बुधवारी पोचाल.