आईचा आवाज

ताई,

"जगाच्या मुलाखती घेतोस, आई गेली, आता तिचा आवाज तेवढा पाठव," असं म्हणून तू मोकळी झालीस.

सगळं जुनं चित्रीकरण धुंडाळलं. आई भरपूर आहे. प्रत्येक माहितीपटाआधी तिलाच खुर्चीत बसवून मी प्रकाश तपासायचो. ती चिडते, हसते, बडबडते. पण तेव्हा माईक बंद असायचा.

एकदाच चालू होता. मुलाखतीखाली जोडायला रिकाम्या खोलीची शांतता लागते, ती मी घरीच रेकॉर्ड करत होतो. दारातून आई म्हणते, "अरे, ताईला सांग..." आणि मी म्हणतो, "श्श."

पुढे ती शहाण्यासारखी गप्प उभी आहे.

हे कुठल्या तोंडाने पाठवू? हे पत्रही माझ्याकडेच ठेवेन. फोनवर सांगेन, काहीच सापडलं नाही.

तुझा,
धाकटा