सुहैलाची पाऊणकी

क्लेमेंटी, सिंगापूर
शनिवार, १९ जुलै २०१४

ती. नंदावन्सं यांस,

संजीवनीचा अकराव्या मजल्यावरून वाकून नमस्कार. (खरं तर हे पत्र तळमजल्यावर बसून लिहिते आहे, पण ते पुढे येईल.) तुमचा मोतीबिंदू निघाला आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला कपाटावरची धूळ दिसली, हे तुमच्या प्रबोधनं फोनवर सांगितलं. आता घरातल्या सगळ्यांनी जपून राहावं. गुडघ्याला तेल लावता, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपता? इकडे सगळे मजेत आहेत. क्षिप्रा रॅफल्स प्लेसच्या बँकेत, जावई तांजोंग पगारच्या ऑफिसात, आणि जाई शाळेत, नाहीतर ट्यूशनला. सकाळी साडेसातला दार ओढलं जातं ते संध्याकाळी सातला उघडतं. मधले साडेअकरा तास मीही मजेत असते.

हे गेल्यावर क्षिप्रा मला इकडे घेऊन आली, त्याला दिवाळीत दोन वर्षं होतील. लेक गुणाची, जावई शब्दानं दुखवणारा नाही, नात गोड. तक्रारीला कोणी जागाच ठेवली नाही, हीच काय ती तक्रार. चौतीस वर्षं साठ-साठ पोरांना 'गप्प बसा' म्हणत आले, आता घरच इतकं गप्प बसतं की कुकरच्या शिट्ट्या मी मोठ्यानं मोजते. जाईचं गणित घ्यावं म्हटलं, तर ती अकरा वर्षांची भवानी म्हणते, "आजी, युवर मेथड नो मार्क्स, लाह." (हा 'लाह' इथल्या इंग्रजीत प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतो.) इथे शाळेत गणित सोडवायच्या आधी चौकोनांच्या पट्ट्या काढतात. रामाकडे श्यामच्या तिप्पट आंबे असले, तर रामाच्या तीन पट्ट्या आणि श्यामची एक. आंबे बाजूलाच राहतात. या पट्ट्या शिकायला जाई आठवड्यातून दोनदा पैसे भरून दुसरीकडे जाते, आणि गणिताची आजी घरात भेंडी चिरत बसते.

तुम्हाला पटणार नाही, पण इथे वर्गात पहिला येणारा मुलगाही ट्यूशनला जातो. मग ज्यांना ट्यूशन परवडत नाही त्या पोरांचं काय, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर आमच्याच लिफ्टशेजारी चिकटवलेलं निघालं. शाळेतले शिक्षक कच्च्या पोरांची नावं कळवतात, घरच्या मिळकतीचे कागद तपासले जातात, जवळच्या समाजकेंद्रात एक खोली मिळते, आणि माझ्यासारखे रिकामटेकडे शनिवारी जाऊन फुकट शिकवतात. सगळं इतकं बिनबोभाट की त्या पोरांनाही आपण गरीब म्हणून आलो आहोत हे जाणवू नये. (आपल्याकडे असा वर्ग निघाला असता, तर आधी उद्घाटनाला आमदार आला असता आणि मग मुलं शोधली असती.) लेकीकडे राहायला मिळालेल्या माझ्या पासावर इथे नोकरी करता येत नाही, पण फुकट शिकवलेलं चालेल असं केंद्राच्या क्वेकबाईंनी विचारून घेतलं.

या क्वेकबाई माझ्या निम्म्या वयाच्या, बारीक, आणि फॉर्मवर अपार श्रद्धा असलेल्या. त्यांनी दिलेल्या फॉर्ममध्ये विचारलं होतं की तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं. पुढे चौकटी होत्या. समाजाचं ऋण फेडायला, अनुभव मिळवायला, नव्या ओळखी करायला, आणि शेवटी 'इतर'. सदुसष्टाव्या वर्षी अनुभव मिळवायला जाणं बरं दिसेना. समाजाचं म्हणाल, तर या समाजाशी माझी ओळख लिफ्टमधल्या 'मॉर्निंग'पलीकडे नव्हती, तिथे ऋण कुठून होणार? मी 'इतर'वर खूण केली. पुढच्या रेघेवर कारण लिहायचं होतं. ती कोरी सोडली. एकटी पडले आहे, हे कोणी फॉर्मवर लिहितं का?

मग तीन तासांचं शिबिर झालं. मुलांना हात लावायचा नाही, कान धरायचा नाही, ओरडायचं नाही, दार लावायचं नाही, खाऊ द्यायचा नाही. (पहिल्या दिवशी नेलेल्या शेंगदाण्याच्या वड्या क्वेकबाईंनी ॲलर्जीच्या भीतीनं ताब्यात घेतल्या. डबा आठ दिवसांनी धुऊन परत आला, आणि नवव्या दिवशी त्यांनी कृती विचारली.) चौतीस वर्षांतली माझी सगळी साधनं अशी काढून घेतल्यावर मला चार मुलं दिली. दोघं भावंडं महिन्याभरात घर बदलून लांब राहायला गेली. एकीची शनिवारी शाळेच्या कॉयरमध्ये गाण्याची तालीम सुरू झाली. उरली सुहैला.

सुहैला पाचवीतली. मलाय. वडील नाहीत, आई हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टेबलं पुसते आणि ताटं गोळा करते. पोरगी शेलाटी, डोळे टपोरे, आणि अपूर्णांक दिसला की पोट दुखणारी. पाऊण म्हणजे तीन भागिले चार, एवढं कळायचं, पण बारा पाऊण म्हटलं की पट्ट्या काढायला लागायची आणि पट्ट्यांतच हरवून जायची. दोन शनिवार मीही मुकाट्यानं पट्ट्या काढल्या. तिसऱ्या शनिवारी माझा धीर सुटला, दार उघडंच ठेवून मी खुर्ची ओढली आणि तिला आपली पाऊणकी म्हणायला लावली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. इंग्रजीत हे शब्दच नाहीत, म्हणून तिनं आपलेच घेतले. काय जीभ वळते त्या पोरीची! आपल्या शाळेत मारून मुटकून जे येत नव्हतं, ते ती दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायला लागली. पाऊणकी झाली, दिडकी झाली, सवायकीही झाली. शनिवारी चारला मी पोचायच्या आधी ती दारात उभी असायची. या देशात माझी वाट बघणारं ते एकच माणूस होतं, वन्सं, आणि ते साडेचार फूट उंच होतं.

मार्चमध्ये तिच्या शाळेत चाचणी झाली आणि घोटाळा झाला. सुहैलानं अपूर्णांकांची सगळी उत्तरं बरोबर लिहिली, पण नुसती उत्तरं. पट्टी नाही, रीत नाही, एक आकडेमोड नाही. तिच्या बाईंना वाटलं कॉपी केली. त्यांनी विचारलं, तर सुहैलानं खरं तेच सांगितलं, की मी डोक्यात गाणं म्हणते. झालं. शाळेनं केंद्राला फोन केला आणि क्वेकबाईंनी मला बोलावलं. मुलीचं नाव गुपचूप कमी होईल आणि माझंही, असा त्यांचा चेहरा होता. मी त्या दिवशी बसमध्ये देवाचं नाव घेत गेले. मला काढलं तर काढू दे, पण पोरीवर चोरीचा शिक्का नको, असंच म्हणत होते. (दुसरा अर्धा भाग खरा होता. पहिला तितकासा नव्हता.)

तिथे सुहैला, तिची आई, शाळेच्या बाई आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून क्वेकबाई. सतरा दीड किती, विचारलं. सुहैला म्हणाली, "साडेपंचवीस." त्यांना ते कळेना, तेव्हा तिनंच इंग्रजीत उलगडून सांगितलं. तेरा पाऊण? पावणेदहा. क्वेकबाईंची बोटं मागे पडायला लागली. शेवटी सुहैला त्यांनाच समजावायला लागली, "मिस, धिस वन ईझी, व्हॉट." तिची आई मान खाली घालून ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती. शाळेच्या बाईंनी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. आपल्याकडे मी असं कधी पाहिलं नाही. स्वतः कधी मागितलीही नाही, आणि दोन-तीन पोरांची मागायला हवी होती असं तेव्हापासून डोक्यात येतं. तोडगा असा ठरला की सुहैलानं आधी मनात उत्तर काढावं आणि मग त्यांच्या समाधानासाठी पट्ट्या रंगवाव्यात.

नियमानं वर्गाला निदान तीन मुलं लागतात, पण सहामाही होईपर्यंत क्वेकबाईंनी डोळेझाक केली. मेमध्ये सहामाही झाली. जानेवारीत अडतीस मिळवणारी पोर चौऱ्याहत्तर घेऊन आली. मी घरी शिरा केला आणि एकटीनं खाल्ला, कारण जाईला गोड चालत नाही. आणि जूनच्या अखेरीला पत्र आलं. अभिनंदन. विद्यार्थिनी आता कच्ची राहिली नसल्यामुळे तिची जागा यादीतल्या पुढच्या गरजू मुलाला देण्यात येत आहे. तो पुढचा मुलगा विद्यापीठातल्या एका तरुणाच्या वर्गात बसणार, कारण तिथे आधीच चारजण आहेत, आणि शनिवारचा माझा वर्ग बंद. नियम चोख आहे, मी असते तर हाच केला असता. पण तुमच्यापासून काय लपवायचं? ते पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं, की सुहैलाला सांगावं, दोन-चार गणितं चुकव गं पुढच्या वेळी. सांगितलं नाही. आलं मात्र मनात, आणि अजून त्याची लाज वाटते.

शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "सो ऑंटी, नेक्स्ट वीक नो नीड कम ऑलरेडी?" मी म्हटलं, नाही, आता तुला सगळं येतं. ती इतकी खूश झाली की आईला सांगायला धावतच सुटली, मागे वळून पाहिलंही नाही. पास झालेल्या पोरांनी पाहूही नये. मला केंद्रानं प्रशस्तिपत्र आणि एक छत्री दिली.

हे सगळं क्षिप्राला सांगितलेलं नाही. दर शनिवारी जेवताना ती कौतुकानं विचारते, "आई, क्लास कसा झाला?" आणि मी म्हणते, छान. नाही म्हटलं तर ती रजा काढून मला कुठल्यातरी बागेत फिरवून आणेल, आणि तिच्या रजा मोजून मिळतात. म्हणून आजच्या तिसऱ्या शनिवारीही साडेतीनला पातळ नेसून, पर्स घेऊन घराबाहेर पडले आहे. आमच्याच इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसून हे पत्र लिहिते आहे. सहा वाजले की वर जाईन. बाकी सर्व क्षेम. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पाढे.

आपली,
संजीवनी

ता. क. : पापड पाठवू नका. इथे सगळं मिळतं.

ता. क. २ : एक काम होतं. तुमच्याकडे भांडी घासायला येते तिची मुलगी, शेजारपाजारचं कोणी, एखादं गणितात कच्चं पोर शोधून द्याल का? क्षिप्रानं मला टॅब्लेट दिला आहे, त्यावर स्काइप आहे, प्रबोध तुमच्या बाजूचं जुळवून देईल. शनिवारी इथले चार, म्हणजे तुमच्याकडचा दीड. मिळकतीचे कागद नकोत, फॉर्म नको, फी तर नाहीच. फक्त अट एक, पोर चांगलं घट्ट कच्चं असावं. लगेच सुधारणारं नको.

ता. क. ३ : पोर नाहीच मिळालं, तर तुम्ही बसा. जेवण उरकून, पाय वर घेऊन, पडद्यासमोर. गणित नाही केलं तरी चालेल.