तरवडाच्या पानातली बुरशी

आई, तू गेलीस तेव्हा माझ्यावर तुझा विश्वास नव्हता. बारा वर्षं मी स्वतःची समजूत घालते आहे की दुखण्यानं माणूस संशयी होतं. पण धडधाकट असतानाही तू तशीच होतीस. मेथीची जुडी सोडून आत बघितल्याशिवाय घ्यायची नाहीस. टॉवेलच्या कारखान्यात तुझ्या मशीनवर दुसरी कुणी बसली, तर घरी येऊन दोन दिवस तेच.

मला कॉलेजातल्या प्रयोगासाठी पानं हवी होती म्हणून तूच मला मंगळवेढ्याला, तुझ्या माहेरच्या शेतावर नेलंस. बांधावरचं एक तरवडाचं झुडूप दाखवून म्हणालीस, "ह्याचाच पाला घे. बाकीची रोगानं करपली, ह्याला काय न्हाय. आत कायतरी हाय की ह्याच्या." परतीच्या एसटीत मी तुला सांगितलं, निरोगी पानाच्या आतही बुरशी राहते, झाड तिला राहू देतं, आणि एखादी बुरशी जंतू मारणारं द्रव्य तयार करते. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "बुरशी म्हंजे नासलेलं. चांगल्या पानात ती कशाला ऱ्हाईल?"

प्रयोगशाळेत मी ती पानं स्पिरिटनं धुतली, म्हणजे वरचं सगळं मरावं. मग तुकडे करून बुरशी वाढवायच्या काचेच्या प्लेटमध्ये ठेवले. चौथ्या दिवशी कापलेल्या कडेतून पांढरे तंतू बाहेर आले. माझाही विश्वास बसेना. हवेतलं काही पडलं असेल म्हणून तीनदा पुन्हा केलं. शेवटी त्या बुरशीचा अर्क बाटलीत काढला, त्यात भिजवलेली कागदाची टिकली जंतूंनी भरलेल्या प्लेटवर ठेवली, तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. तिथं एकही जंतू वाढला नव्हता. भाकरी थापता थापता मी हे तुला सांगून बसले, तीच चूक झाली.

तेव्हा तुझ्या टाचेची जखम चिघळायला लागली होती. साखर वाढलेली, आणि डॉक्टर गोळ्या बदलून थकले होते.

"तुज्या बाटलीतलं लाव की."

"ते औषध नाही, आई. जंतू मरतात, पण माणसाला काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. तपासायला वर्षं लागतात."

"मग माज्याकडं वर्षं हायत व्हय?" मग म्हणालीस, "पाला मी दावला. आन् औषद दुसऱ्याला."

त्यानंतर मी आंघोळीला गेले की तू माझी पिशवी उघडायचीस. वह्या उलट्या ठेवलेल्या दिसायच्या. मीही प्रयोगशाळेतल्या फ्रिजची किल्ली घरी आणायची बंद केली. एक दिवस तू तसल्या पायानं रिक्षा करून कॉलेजात आलीस. मुलीचा डबा राहिला म्हणून शिपायाला सांगितलंस. डबा माझ्या पिशवीतच होता. मी वर्गातून येते तर तू फ्रिजसमोर उभी. "ह्यात हाय व्हय?" एवढंच विचारलंस. मी तुला रिक्षात बसवलं, शेजारी बसले, आणि घरी सोडून आले.

पुढं पाय काढावा लागला. मग विष रक्तात गेलं. ती बुरशीही टिकली नाही. जिवंत होती, पण झाडाबाहेर वाढवत राहिल्यावर ते द्रव्य करायचं तिनं सोडून दिलं. आज माझ्या विद्यार्थिनींना मी हेच सांगते, की प्लेटमधलं वर्तुळ म्हणजे औषध नव्हे. पुन्हा तो दिवस आला तरी मी तुझ्या जखमेला ते लावणार नाही.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. पट्टी बदलताना एकदा मी तुझ्या जखमेवरून कापसाची काडी फिरवली होती. तू डोळे मिटून पडली होतीस. ते जंतू मी प्लेटवर वाढवले आणि मधोमध टिकली ठेवली. वर्तुळ पडलं, आधीच्यापेक्षा मोठं. ती प्लेट मी उकळून टाकून दिली, वहीत नोंद केली नाही. त्याच आठवड्यात तू विचारलंस, "माज्यावर चाललं असतं का गं?" मी म्हणाले, माहीत नाही.

प्लेटपुरतं मला माहीत होतं.