धामण समजून

टेंभरबोडी, पो. आसगाव
४ सप्टेंबर १९७८

तीर्थरूप दादास,
ललिताचा सा. न. वि. वि.

पोळ्याला येता आलं नाही, रागावू नका. नाल्याला पूर होता, एसटी बंद. वहिनीच्या करंज्या माझ्या वाटणीच्याही तुम्हीच संपवल्या असणार.

सातवीचं विज्ञान यंदा माझ्याकडे आलं आहे. मी शिकले मराठी आणि भूगोल, पण दुसरं कोणी नाही. शुक्रवारी अन्नसाखळीचा धडा घेतला. वाचून कोणाच्या डोक्यात काही शिरेना, म्हणून मुलांना पटांगणात रांगेत उभं केलं. बादलीतलं पाणी म्हणजे सूर्याची ऊर्जा. पहिला धान, दुसरा उंदीर, तिसरा साप, चौथी घार. ओंजळीतून ओंजळीत पाणी पुढे द्यायचं. घारीपर्यंत चार थेंब पोचले. घार झाली होती रुखमा, इथल्या ताराचंदभाऊंची मुलगी. ओले हात बघत तिनं विचारलं की एवढ्यावर घार जगते कशी. मग मी सांगितलं की म्हणूनच घारी थोड्या आणि धान पुष्कळ. आणि ही एक दोरी नाही, जाळं आहे. उंदराला घुबडही खातं, साप बेडूकही खातो. एक धागा तोडला की सगळं ढिलं पडतं. साप मारले तर घरातल्या ढोलीत साठवलेलं धान उंदीर खातील. साप दिसला की काठी उचलायची नाही, असं सगळ्यांकडून वदवून घेतलं. मुलांनी टाळ्या पिटल्या. फार दिवसांनी आपण खरंच काही शिकवलं असं वाटलं.

तब्येतीला जपा. थोरल्या भावाची माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.
तुमची
ललिता


करडी
९ सप्टेंबर १९७८

चि. ललितास जागेश्वरचे अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. करंज्या मी नाई खाल्ल्या. तुया वैनीनं तुयासाठी डब्यात ठेवल्या होत्या, मुंग्यायनं खाल्ल्या. वावरात निंदन चालू हाये.

मी सातवी नापास मानूस, तुले काय शिकवू. पन एक गोष्ट मनात टोचून राहिली. साप मारू नोका म्हनलं ते बरं केलं, आपले बाबाबी धामन मारू देत नव्हते. पन धामन कोनती अन् नाग कोनता, हे पोट्ट्यायले सांगतलं का? अंधाऱ्या कोपऱ्यात मलेबी वळखू येत नाई. साप दिसला का दूर सरायचं अन् मोठ्या मानसाले हाक मारायची, हे पयले शिकव. पत्र भेटलं त्याच दिवशी शिकव.

वैनी तुयी लय याद करते. दिवाळीले नक्की येजो, वाट पायतो.
तुया
जागेश्वर


टेंभरबोडी
१३ सप्टेंबर १९७८

तीर्थरूप दादास सा. न.

तुमचं पत्र काल पोचलं. रुखमाला शुक्रवारीच साप चावला.

सकाळी त्यांच्या घरात ढोलीमागे सापाचं वेटोळं दिसलं. ताराचंदभाऊंनी काठी उचलली, तर तिनं त्यांचा हात धरला. धामण आहे, उंदीर खाते, बाईंनी मारू नका सांगितलंय, म्हणाली. ते थांबले. ती खराट्यानं त्याला बाहेर काढायला गेली. फणा दिसला तोवर नागानं उजव्या हाताला दंश केला होता.

निरोप येताच मी धावले. अंगणात मंत्र म्हणणारा माणूस बसवला होता. मी सगळ्यांच्या पाया पडले आणि बैलगाडी जुंपायला लावली. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पापण्या उघडत नव्हत्या. पवनीला जीप मिळाली, भंडाऱ्याला न्यायला. तिच्या आईनं, शकुनबाईंनी, माझा हात पोरीच्या अंगावरून काढला आणि जीप गेली.

पाच दिवस काही खबर नाही. पटावर अडतीस मुलं, आज सहा आली. गावकऱ्यांनी सांगितलं की बदली मागून घ्या. रागावून सांगितलं असतं तर सोसलं असतं. पुस्तक पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यात नुसतं ‘साप’ लिहिलं आहे. पण मी करडीत वाढले, दादा. मला फरक ठाऊक होता. ठाऊक असून सांगितला नाही.

राजीनामा लिहून ठेवला आहे. मला न्यायला या. ती गेली तर मी इथं राहू शकणार नाही, आणि कुठंच राहू शकणार नाही.

तुमच्याशिवाय हाक मारायला कोणी नाही.
ललिता


करडी
१८ सप्टेंबर १९७८

चि. ललितास आशीर्वाद.

पोट्टी जित्ती हाये. हे पयले वाच, मंग बाकीचं.

पत्र भेटल्याबरोबर सायकल काढली अन् भंडाऱ्याले गेलो. डोये उघडते, पानी पेते. आनखी उशीर झाला असता त हाती लागली नसती, असं डाक्टर म्हनले. पन उजव्या हाताची दोन बोटं कापा लागली. मी कोन हे तिच्या मायले सांगतलं. वाटलं, ते मले हाकलून देईन. तिनं बसाले चटई देली अन् तोंड फिरवून घेतलं. ताराचंद पायरीवर बसला होता. तो एवढंच बोलला, “तुमच्या बहिनीनं अर्धच काहून सांगतलं?”

त्याचा जवाब तुयाच जवळ असन. म्हनून तुले घ्याले येत नाई. पयून आलीस त घर तुयंच हाये, वैनी जेवू घालन, पन तुया गळ्याखाली घास उतरनार नाई. पोट्टी घरी आली का तिच्या बापाकडं जाय.

रोज दोन घास खाजो. माया जीव तुयात अडकला हाये.
जागेश्वर


टेंभरबोडी
२४ ऑक्टोबर १९७८

तीर्थरूप दादास सा. न. वि. वि.

रुखमा दसऱ्याआधी घरी आली. त्याच दिवशी गेले. ताराचंदभाऊंना सांगितलं की मुलांनी टाळ्या पिटल्या, मला फार बरं वाटलं, आणि त्या भरात उरलेलं अर्धं राहून गेलं. याहून मोठं कारण नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोठ्यात गेले.

तिला शाळेत पाठवणार नाही म्हणतात. म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीत बसून तिला डाव्या हातानं पाटीवर लिहायला शिकवत होते. कोणी या म्हणत नव्हतं, जाही म्हणत नव्हतं. आठव्या दिवशी रुखमानंच पेन्सिल खाली ठेवली. “बाई, उद्यापासून येऊ नोका,” म्हणाली. “तुमी आल्या का बाबा जेवत नाई. मी पोरीचं ऐकलं काहून, असं एकटेच बोलत रायते.”

दादा, मला वाटत होतं दोष माझ्या एकटीचा आहे. तो त्यांनीही उचलून ठेवला आहे, आणि मी दिसले की त्यांना तो पुन्हा वाहावा लागतो. मग मी गेले नाही. वर्गात आता एकवीस मुलं येतात. साप दिसला तर काय करायचं ते रोज त्यांच्याकडून म्हणवून घेते. त्यात आनंद काही वाटत नाही. राजीनामा अजून पेटीत आहे, दिलेला नाही आणि फाडलेलाही नाही.

आज मधल्या सुट्टीत शकुनबाई आल्या. वर्गाच्या दाराबाहेरच थांबल्या. पदराखालून पाटी काढून पुढे केली. रुखमानं स्वतःचं नाव लिहिलं होतं, र उलटा पडला होता. शकुनबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “याच्या खाली नवीन काई लिवून द्या. पोरीच्या बाबायले सांगू नोका.”

मी पेन्सिल धरली, पण काय लिहावं ते सुचेना. घंटा झाली, मुलं आत येऊन बसली, तरी त्या उन्हात तशाच उभ्या होत्या. शेवटी मी नावाखाली एक सरळ र काढून पाटी त्यांच्या हाती दिली.

वहिनीला नमस्कार. दोघांची माया माझ्यावर राहू द्या.
ललिता