चष्म्यातली टाकी

सावेडी, अहिल्यानगर

प्रिय सवे,

पाकीट बघून तुला आधी हसू येईल. रोज मोबाईलवर तासभर डोकं खाणारी ही बया पोस्टानं काय पाठवतेय, म्हणशील. पण तुझा मोबाईल घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, आणि मला जे सांगायचंय ते तू एकटीनं वाचायला हवंस. आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. आता महिनाभर त्यांना उन्हात बाजाराला जाऊ देऊ नकोस. त्या ऐकणार नाहीत, तरी सांगते.

माझं काम तू नेहमी चेष्टेवारी नेलंस. "कॉलेजात अत्तराचं दुकान टाकलंय काय गं?" असं विचारायचीस, आणि मीही हसून सोडून द्यायचे. आज नीट सांगते. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला की समोर दुसरीच जागा दिसते, एवढं तू जत्रेत पाहिलं असशील. आमच्या संशोधनात नुसतं दिसणं नाही. कानात आवाज, अंगावर वारा, पायाखाली थरथरणारी फळी, छातीवर आवळणारा पट्टा, आणि नाकाशी एका बारीक नळीतून वास. सगळ्या इंद्रियांना एकदम गंडवलं तर माणसाला आपण खरंच तिथं आहोत असं वाटतं का, आणि तसं शिकलेलं जास्त लक्षात राहतं का, हे आम्ही तपासतो. त्यातलं वासाचं काम माझ्याकडे.

पहिलं वर्ष मजेत गेलं. तेव्हा पर्यटनाचा भाग चालू होता. अकोले तालुक्यातले डोंगर, धबधबा, काजवे. राजूरच्या बाजारात मी काचेच्या बरण्या घेऊन हिंडत होते, कधी तांदळाच्या पोत्यात नाक खुपसायचे, कधी सुक्या मासळीच्या पाटीत. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, घ्यायचं नसंल तर नुसती हुंगू नगंस!" आमच्या सरांनी नंतर मासळीचा वास काढून टाकला. पाहुण्यांना आवडत नाही म्हणाले. तेव्हाच मला जरा खटकलं होतं, पण मासळीसाठी कोण भांडतं?

मग प्रशिक्षणाचा भाग आला. कारखान्यातल्या कामगारांना धोक्याची कामं चष्म्यातून शिकवायची, म्हणजे शिकताना कुणाचा जीव जायला नको. किती चांगलं वाटलं होतं मला हे, सवे! सर म्हणाले, एका साखर कारखान्यानं आपल्या डिस्टिलरीत घडलेला प्रसंग दिलाय, नाव गुप्त ठेवायचं आहे. मी सडक्या अंड्यासारखा आणि आंबलेल्या मळीसारखा असे दोन वास मिसळून कुपी भरली. कुठल्या टाकीसाठी भरतेय ते मला माहीत नव्हतं.

सगळं तयार झाल्यावर चष्मा मी घालून पाहिला. समोर टाकी. टाकीमागं मारुतीचं छोटं देऊळ, त्याच्या कठड्याला अर्धाच दिलेला निळा रंग. गहिनीनाथांना वर काढलं तेव्हा मी त्या कठड्याला धरून उभी होते गं, तुला सावरत. विसरेन कशी?

खाली पाहिलं तर मला दोन हात दिसले, पुरुषाचे. चष्म्यात ते आपलेच वाटतात, तशीच रचना असते. कानात सुपरवायझरचा आवाज आला, "थांब, गॅस तपासल्याशिवाय उतरू नको. मास्क लाव." आणि त्या हातांनी मास्क बाजूला सारला. "काय होत न्हाई साहेब, उद्या पोळा हाय, लवकर घरी जायचंय," असं माझ्याच छातीतून आल्यासारखं कुणीतरी बोललं. हात शिडीला लागले, मी खाली उतरू लागले. मला थांबायचं होतं, पण ते हात माझं ऐकत नव्हते. वास वाढला, पट्टा आवळला, अंधार झाला. वरून सुपरवायझर माझ्यासाठी रडत होता. मग उजेडात अक्षरं आली, 'चूक कुणाची? का?' आणि खाली तीन उत्तरं: सूचना पाळली नाही, मास्क वापरला नाही, घाई केली.

मी चष्मा काढला आणि तिथंच ओकले. सगळ्यांना वाटलं, वास फार जोरदार झालाय. एकानं तर टाळी वाजवली.

रंगनाथकाकांनी गहिनीनाथांच्या दहाव्याला काय सांगितलं होतं, ते आपण दोघींनी ऐकलंय. मास्क नव्हतेच. तपासायचं यंत्र कपाटात बंद होतं. सुपरवायझरनं आधी रंगनाथकाकांनाच उतरवलं, ते आत कोसळले, आणि तुझे गहिनीनाथ दोर घेऊन त्यांच्यामागं गेले. काकांना दोर बांधून वर पाठवलं. स्वतः राहिले. घरातला सिलिंडर बदलायचा तर सगळ्यांना अंगणात काढणारा, मोटार चालू करायच्या आधी पायात चप्पल आहे का ते बघणारा माणूस! त्याला ह्यांनी चष्म्यात 'काय होत न्हाई साहेब' म्हणायला लावलं. आणि रंगनाथकाका त्या चित्रात कुठेच नाहीत. ज्याच्यासाठी माणूस गेला, तो माणूसच पुसून टाकला.

मी सरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हेच जास्त जिव्हारी लागतं. शांतपणे म्हणाले, "दीपा, आपण संशोधक. काय घडलं ते ठरवणं आपलं काम नाही. प्रसंग त्यांनी लिहून दिलाय, आपण परिणाम मोजतो." मी म्हटलं, निदान वासाचं तरी खरं ठेवा. हा गॅस वाढला की आधी नाक मारतो, वास येईनासा होतो. वास गेला की पळायचं, हे शिकवायला हवं. काका म्हणालेच होते, "वास गेला म्हनून वाटलं गॅस गेला." आमच्या चष्म्यात मात्र मरेपर्यंत वास वाढतच जातो. सर म्हणाले, वास कमी केला की लोकांना प्रसंग खरा वाटत नाही, आकडे पडतात. म्हणजे बघ, खरं वाटावं म्हणून खोटं शिकवायचं, आणि ते शिकून उद्या एखादा खऱ्या टाकीत उतरेल.

पुढं पाहुण्यांसाठी प्रात्यक्षिक झालं. एका खोलीत धबधबा, दुसऱ्या खोलीत टाकी, मधल्या टेबलावर समोसे आणि चहा. पाहुणे धबधब्यात भिजून यायचे, समोसा खायचे आणि टाकीत मरायला जायचे. बाहेर येऊन हसायचे. एकानं तोंडाला तेल तसंच ठेवून बायकोला फोन लावला, "अगं, मी आत्ता मेलो!" दुसरा सरांना म्हणाला, "धबधबा ठीक आहे हो, पण खरी मजा टाकीत आहे. पर्यटन मेळ्यात हीच ठेवा." आणि सर त्यावर विचार करू लागले, सवे. खरंच विचार करू लागले. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या दिवसापासून मला तळणाचा वास सहन होत नाही. केस कितीदा धुतले तरी ती कुपी डोक्यात भरून राहिल्यासारखी वाटते. आई जेवायला वाढते आणि मी ताटावरून उठते. किळस वासाची नाही गं, तो वास निदान प्रामाणिक आहे. किळस त्या हसण्याची आहे.

नंतर कामगारांची पहिली तुकडी आली. पोरं साधी, आपल्याच तालुक्यातली. चष्मा काढल्यावर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "येडाच हुता गड्या त्यो. सायेब वरडतोय आन् ह्यो उतरतोय." दुसरा म्हणाला, "व्हय, पोळ्यापायी जीव घालवला." त्यांच्यावर मी कशी रागावू? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांनी तिसरं उत्तर, 'घाई केली', निवडलं, म्हणून कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर खूश झाला.

त्या दिवशी मी सांगून टाकलं की ह्या टाकीची कुपी मी भरणार नाही. सरांनी ते काम निकिताला दिलं, नवीन मुलगी आहे, तिला काही ठाऊक नाही. मी लेखी हरकत दिली, तिची पोच घेतली. मग रविवारी रंगनाथकाकांकडे गेले. दोन वाक्यं बोलले की त्यांना दम लागतो. मी चष्म्यातलं सगळं सांगितलं. ते खाटेच्या दोऱ्या चाचपत ऐकत होते. मग म्हणाले, "मला लोकं म्हनत्यात, तू वाचलास, गप बस. लई दिस गप बसलो, पोरी. आता बोलतो. कुटं बोलायचं ते सांग." कलाबाईकाकू आतून म्हणाल्या, "मी बी येते, त्यांच्यानं सरळ उभं ऱ्हावत न्हाई." नगरातल्या एका वकीलबाईंशी मी बोलून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, चौकशी पुन्हा उघडता येते, पण मागणी घरच्या माणसानं करायला हवी.

हे सगळं मी तुला सावकाश, काष्टीला येऊन, तुझ्याशेजारी बसून सांगणार होते. पण परवा तुझा फोन आला. गहिनीनाथांच्या जागेवर तुला कारखान्यात घेतलं, ऑर्डर हातात पडली, म्हणून तू किती आनंदानं बोलत होतीस. मागून आत्याबाई पेढे वाटायचं म्हणत होत्या. आणि तू म्हणालीस, "सोमवारी नगरला ट्रेनिंग हाय, तुझ्याच कॉलेजात! कसला तरी चष्मा घालायचा म्हनं. तू असशील ना गं तिथं?" रेंज गेल्याचं सोंग करून मी फोन ठेवला. सवे, तो चष्मा हाच आहे. तुला गहिनीनाथांच्या हातांनी त्या शिडीवरून उतरवतील, आणि वर आल्यावर विचारतील, चूक कुणाची. नोकरी तुझ्या हक्काची आहे, ती सोड असं मी म्हणणार नाही. चष्मा घालायचा की नाही हेही तूच ठरव. नाही म्हणालीस तर मी शेजारी उभी राहून नाही म्हणेन. घातलास, तर त्या तिन्हींत नसलेलं चौथं, खरं उत्तर सगळ्यांसमोर मोठ्यानं सांग. मी फाटकाशी थांबते, रंगनाथकाका आणि काकूही येणार आहेत. आत एकटी जाऊ नकोस.

तुझीच,
दीपा