पलूसच्या वरातीत बिनठेक्याची कॅसेट

सांगली, रविवार, मे १९९६

पलूसच्या वरातीतून आत्ताच आलो. डोक्यात एकच सूर अडकलाय, आणि तो आवडला की नाही हे अजून ठरत नाही.

दिलीप आणि सुरेश, कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणारे सख्खे भाऊ. दिलीप कीबोर्ड वाजवतो, सुरेश ऑक्टोपॅड. त्यांच्या पहिल्या कॅसेटवर निम्मा जिल्हा नाचला. नव्या कॅसेटमध्ये ठेकाच नाही. नुसता लांबलचक सूर, लेथ थांबताना येतो तसा. आज तोच भर चौकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून. तोंडात रुमाल धरून नागीण व्हायला निघालेली पोरं जागच्या जागी उभी.

"आवं, मशीन बिघडलं का काय?" एकजण म्हणाला.

"असू दे रं, कानाला जरा बरं वाटतंय," नवरीची मावशी.

लगेच दोन पक्ष. निवडणुकीतसुद्धा इतके झटपट पडत नाहीत.

नवरदेवाचे वडील ट्रॉलीशी आले. "जुनं वाजवा, न्हाईतर खाली उतरा." सुरेशने मुकाट ठेका धरला. दिलीप उतरला आणि बायकांच्याही मागे, माझ्या शेजारून चालू लागला. तो सूर खरंच लेथचा असेल? विचारायचं राहिलंच.

"काका, पेपरात तुमी सगळ्यांची टर उडवता. माझी कवा?" दिलीपने विचारलं.

"मला कळलंच नाही रे. कळल्याशिवाय टर कशी उडवू?"

"पर ऐकत हुता न्हवं?"

"होय."

"बास झालं," म्हणाला आणि एसटी स्टँडकडे वळला. कीबोर्ड ट्रॉलीवरच राहिला.