फॉन्ड्यूची थाप

५ जानेवारी, सोमवार

थाप मारली. एक्कावन्नाव्या वर्षी! आणि कशाबद्दल, तर चीजबद्दल!

धुळ्याहून सुमनबाईंचा फोन होता. हितेंद्रची मोठी बहीण. पहिल्यांदाच बोलत होत्या. त्यांच्या युरोपच्या सहलीचं सांगत सुटल्या. स्वित्झर्लंडला म्हणे फॉन्ड्यू करतात, मधोमध भांडं ठेवतात, खाली दिवा, वितळलेलं चीज, आणि सगळ्यांनी लांब काट्याला पाव टोचून बुडवून खायचा. ‘तुम्ही नसेल खाल्लं,’ असं म्हणाल्या. बोलणं तसं साधंच होतं. पण त्या ‘नसेल’वर माझं डोकं फिरलं.

‘छे, आमच्याकडे तर नेहमी होतं,’ मी म्हणाले.

पलीकडून लगेच, ‘अरे वा! मग अठराला आम्ही येतोय ना, तेव्हा तेच करा!’

जळगावात, जानेवारीत, वांग्याच्या भरताच्या दिवसांत, पाहुण्यांना चीज बुडवून खायला घालणारी पहिली बाई मी. मूर्ख.

६ जानेवारी, मंगळवार

हे सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना स्वतःवर हसता येईल.

हितेंद्र धुळ्याचे. गुरांचे डॉक्टर, गेल्या वर्षी निवृत्त झाले. बायको जाऊन सहा वर्षं झाली. नोव्हेंबरात एरंडोलला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलो. माझ्या पानातली तळलेली मिरची दाखवून म्हणाले, ‘खाणार नसाल तर घेऊ?’ एवढीच आमची प्रेमकहाणी. मग फोन सुरू झाले. पुस्तकं हा विषय, कारण मी शाळेत ग्रंथपाल. शिवाय म्हशींची दुखणी. (मला आता म्हशीच्या पोटफुगीवर भाषण देता येईल.) डिसेंबरात त्यांनी विचारलं, ‘आपण दोघांनी पुढचा विचार करायचा का?’ मी म्हटलं, ‘कशाचा?’ कळत असून विचारलं. लाज नाही.

म्हणून आता बहीणभाऊ घर बघायला येणार. थोडक्यात, बघण्याचा कार्यक्रम. बघायची वस्तू मी.

आणि आईंना यातलं काही माहीत नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई, यशोदाबाई, वय ब्याऐंशी. माझा नवरा, भटू, गेला त्याला नऊ वर्षं झाली. तो त्यांचा एकुलता एक, आणि आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हापासून मेहरूणच्या या घरात आम्ही दोघीच. त्यांना काय सांगू? ‘तुमच्या मुलाच्या जागी कोणीतरी बघतेय’ असं? तोंड उघडत नाही.

सांगितलं की शाळेचे पाहुणे येणार आहेत. दुसरी थाप.

८ जानेवारी, गुरुवार

पहिला प्रयोग. चीजच्या चौकोनी वड्या आणल्या, दुधात टाकल्या, गॅस मोठा केला. व्हिडिओतली बाई हसत हसत ढवळते. मीही हसत ढवळायला लागले. पाच मिनिटांत हसू गेलं. कढईत एक पिवळा गोळा आणि भोवती पाणी. गोळा चमच्याला असा चिकटला की चमचा उचलला तर कढईही वर आली!

आई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. कढईत डोकावल्या. ‘हाई काय शे व? पतंगनी खळ शे का?’

संक्रांत जवळ आलीय, त्यांचंही बरोबरच. म्हटलं, ‘पाहुण्यांसाठी आहे.’

आईंनी चमचा ओढून बघितला. ‘पाहुनासवर राग शे का तुना?’

९ जानेवारी, शुक्रवार

कढई अजून भिजतेय.

१० जानेवारी, शनिवार

पारसभाऊंच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे मोठा फ्रीज आहे आणि सगळ्या तऱ्हेचं चीज. म्हटलं, वितळवलं की फाटतं, काय करू? पारसभाऊंनी वाटाण्याचं पोतं सोडून सरळ घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे त्यांच्या पत्नी, चंद्रकांताभाभी. त्यांच्याकडे नातवंडांसाठी दर महिन्याला होतो म्हणे फॉन्ड्यू! जैन घर, लसूण नाही, वाइन नाही, तरी होतो. आणि मी जगातली एकटी हुशार समजत होते.

भाभी म्हणाल्या, ‘किरणताई, चीज किसून घ्या, त्याला कॉर्नफ्लॉवर चोळा. पाणी कोमट करा, लिंबू पिळा, मूठ मूठ टाका. उकळू द्यायचं नाही! आणि गोल ढवळू नका, आठाचा आकडा काढत ढवळा.’

घरी येऊन सगळं तसंच केलं. तरी एका बाजूला गुठळ्याच गुठळ्या. पंधरा मिनिटं आठ काढले, हात भरून आला. परत भाभींना फोन.

‘आठ कसा काढताय?’

‘आठासारखा.’

‘इंग्लिश ना?’

मी मराठी काढत होते! ८. डावीकडून खाली, उजवीकडे शेपटी. जन्मभर पुस्तकांवर नंबर घातले, दुसरा आठ सुचणार कुठून? भाभी इतक्या हसल्या की फोन पारसभाऊंनी घेतला आणि विचारलं, ‘काय झालं ताई, भाजलं का?’

१२ जानेवारी, सोमवार

जमलं! इंग्रजी आठ. गुळगुळीत, चमकदार, तार सुटते. एकटीच उभ्या उभ्या नाचले. खिडकीतून शेजारच्या भागाबाईंनी बघितलं. बघू देत.

फक्त चव आजाऱ्याच्या जेवणासारखी. व्हिडिओत त्यात पाल्याची हिरवी पूड टाकतात, ती माझ्याकडे पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांतली होती, कधीची कोण जाणे. टाकली तर धुळीची चव आली. आईंनी बोटावर घेऊन चाटलं. मागच्या दाराने गेल्या आणि कुंडीतली ओव्याची पानं घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘चिर. बारीक.’ मग कोथिंबीर. मग कांद्याची पात. मग चार मिरे स्वतः ठेचून दिले.

परत चाखलं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वाटीभर चीज आम्ही दोघींनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, शिळ्या भाकरीबरोबर संपवलं. आईंच्या हनुवटीवर तार लोंबत होती. ती पुसताना वाटलं, आत्ता सांगावं.

नाही सांगितलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ दिला, गोड बोलले. गोडच बोलतेय हल्ली, खरं काहीच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

तयारी. कबाबाच्या बांबूच्या काड्या आणल्या. दोन विटा धुऊन पुसून, मध्ये मेणबत्त्या, वर कढई. स्वित्झर्लंड नाही, पण वीटभट्टी म्हणून उत्तम दिसतं. पाव, गाजर, उकडलेले बटाटे. ओठांना लावायला काहीतरी घेतलं, मग पुसून टाकलं, मग परत लावून पाहिलं. एक्कावन्न!

आईंना म्हटलं, ‘उद्या दुपारी भागाबाईंकडे बसाल का? पाहुणे शाळेचे, तुम्हाला कंटाळा येईल.’

‘बरं,’ म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

लिहिते. सगळं लिहिते.

चारला दोघं आले. सुमनबाई भरजरी, हितेंद्र इस्त्रीच्या शर्टात, हातात पेरू. आणि आई भागाबाईंकडे गेल्याच नाहीत! नवी नऊवारी नेसून कढईसमोरच बसलेल्या. मी डोळ्यांनी खुणावलं. त्यांना डोळ्यांचं काही दिसेना.

फॉन्ड्यू झकास झाला होता, हे माझ्या शत्रूनेही मान्य करावं. सुमनबाईंनी पहिला तुकडा खाल्ला आणि डोळे मिटले. ‘तिकडे असा नव्हता हो. हा हिरवा वास कसला?’

‘ओवा,’ आई म्हणाल्या. ‘मी लायेल शे.’ (कुंडी आईंनी लावलेली, खरंच आहे.)

मग सुमनबाई म्हणाल्या, तिकडे पद्धत आहे, ज्याचा तुकडा भांड्यात पडेल त्याने गाणं म्हणायचं. हितेंद्र घाबरले. ‘गाणं नको ताई. त्यापेक्षा एक खरी गोष्ट सांगायची.’

पहिला माझा पडला! बटाटा. तो बुडत असताना मला कळलं की आता सुटका नाही. म्हटलं, ‘मी हा पदार्थ आठ तारखेपर्यंत कधी पाहिलासुद्धा नव्हता.’

सुमनबाईंना ठसका लागला. ‘मला फोनवरच कळलं होतं! तुम्ही दोनदा फंडू म्हणालात!’

हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हितेंद्रचा पाव पडला. त्यांनी बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘मला चीज अजिबात आवडत नाही.’ चार तुकडे खाऊन झाले होते बिचाऱ्यांचे! मी त्यांच्यासाठी भाकरी आणि चटणी आणली, ती त्यांनी अशी खाल्ली की बघत राहावं. वाटलं, झालं, जमलं, आता काही अवघड नाही.

तेवढ्यात आईंच्या काडीवरची भाकरी पडली. पडली की पाडली, मला अजून ठरवता येत नाही. हितेंद्र हसत म्हणाले, ‘माय, आते तुमना नंबर.’

आईंनी काडी खाली ठेवली.

‘माले बठ्ठं माहीत शे,’ म्हणाल्या. सगळं! ‘हाई फोनवर बोलस तवय केस सारखा करस. फोनमा केस दिसतंस का?’

सुमनबाई हसल्या. मी नाही हसले. आई हितेंद्रकडेच बघत होत्या.

‘तू मानूस चांगला शे. मी नही म्हनत नही. पन माले भ्याव वाटस. हाई गयी ते मी कोनाजोडे ऱ्हासू?’

ही गेली तर मी कोणाजवळ राहू? ब्याऐंशी वर्षांच्या बाईने पाहुण्यांसमोर विचारलं, आणि तिच्या समोर बसलेली मी कढईत बघत होते. चीजवर साय धरली.

सहाच्या एसटीने ते गेले. जाताना हितेंद्र आईंच्या पाया पडले.

दार लावल्यावर मी आईंवर ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ‘पाहुण्यांसमोर असं बोलतात?’

‘खरं सांगनं व्हतं ना?’ एवढंच म्हणाल्या, आणि विटा उचलायला लागल्या. ब्याऐंशीव्या वर्षी विटा! मी हातातून घेतल्या.

१९ जानेवारी, सोमवार

बोलत नाही आहोत. चहा दोघींनी वेगवेगळा केला. माझा उतू गेला.

२० जानेवारी, मंगळवार

मला राग कशाचा आला, ते आज शाळेत पुस्तकांना कव्हरं घालताना कळलं. आई खोटं बोलल्या असत्या, रडल्या असत्या, आजारी पडल्या असत्या, तर मी त्यांच्यावर खापर फोडून मोकळी झाले असते. त्यांनी सरळ विचारलं. आणि तो प्रश्न गेले दोन महिने मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. म्हशीच्या पोटफुगीला वेळ होता, याला नव्हता.

संध्याकाळी म्हटलं, ‘आई, धुळ्याला आपण दोघी गेलो तर?’

‘तुले जानं शे ते जाय. मी आते या वयमा नवं घर कोठे शिकू? रातले उठनू ते भिंत कोनीकडे तेबी समजाव नही.’

बरोबर आहे. इथे अंधारातही त्यांना स्वयंपाकघरातला माठ सापडतो.

२१ जानेवारी, बुधवार

हितेंद्रना फोन केला. शाळेतून, केस न सारखे करता. म्हटलं, ‘मी आईंना सोडून येणार नाही. आणि त्यांना इथून उपटून नेणारही नाही. तुम्ही माझी वाट बघू नका.’

‘बरं,’ म्हणाले.

बस. बरं.

२३ जानेवारी, शुक्रवार

‘बरं’ या शब्दाचे अर्थ: ठीक आहे. सुटलो. विचार करतो. फोन ठेवा, म्हैस आलीय. ग्रंथपाल असून या शब्दापुढे कोशाचा काही उपयोग नाही.

उरलेलं चीज भागाबाईंना दिलं. आईंनी आज माझाही चहा केला. मी प्यायले. कपही त्यांनीच धुतला.

वाईट वाटतंय, हे लिहून ठेवते. विनोद सुचत नाही.

२५ जानेवारी, रविवार

सकाळच्या एसटीने हितेंद्र आले. एकटे, न सांगता. मी गाऊनवर, डोक्याला तेल. माझ्याकडे बघून मान हलवली आणि सरळ आत जाऊन आईंसमोर जमिनीवर बसले. आई तूर निवडत होत्या.

‘माय, मी आठेच ऱ्हावाले उनू ते चाली का?’ इथेच राहायला! आमच्या घरी!

आईंनी सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली असावी. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडवली. भटूच्या खोलीची, जिथे तो रेडिओ दुरुस्त करत बसायचा. नऊ वर्षांत ती त्यांनी मलाही दिली नव्हती. ती त्यांनी हितेंद्रच्या हातावर ठेवली.

खोलीकडे बोट करून म्हणाल्या, ‘तठला पंखा वाजस.’